सोमवारचं पाणी

मी पाच हॉर्सपॉवरचं डिझेल इंजिन बोलतोय. जरा मोठ्यानं बोलतो, त्याला इलाज नाही. जन्मभर माणसं माझ्याजवळ येऊन ओरडतच बोलली, त्यामुळं हळू कसं बोलतात ते मला कुणी शिकवलंच नाही. कान दुखले तर दोन पावलं मागं सरा, पण ऐका.

माझा जन्म पुण्याच्या एका कारखान्यात झाला. ओतीव लोखंडाचं अंग, दोन बाजूंना दोन जड चाकं, वरून हिरवागार रंग. रेल्वेनं मी नगरला आलो, नगरहून ट्रकनं तिसगावला, आणि शेवटचा दीड कोस बैलगाडीतून. चढावर बैल अडून बसले. मी त्यांना मोटेच्या कामातून कायमचं सोडवायला निघालो होतो, हे त्यांना कळलं असतं तर त्यांनी मला पळवत नेलं असतं. पण बैलांना कोण सांगणार?

माझे मालक आप्पासाहेब. चाळीस एकर रान, सगळं स्वतःच्या मनगटावर मिळवलेलं. गोठ्यात आठ बैल, दारात घुंगरांची गाडी, अंगात लोकरीचा कोट. पंचक्रोशीत पहिलं इंजिन त्यांच्याच विहिरीवर आलं. मला नारळ फोडला, कुंकू लावलं, बायकांनी ओवाळलं. कारखान्याचा माणूस आला, मला चालू करून दाखवलं, जेवण करून निघून गेला. आणि दुसऱ्या दिवसापासून गंमत सुरू झाली. मी कुणालाच चालू होईना!

माझा दोष नव्हता हो. आप्पांचा थोरला मुलगा रंगनाथ तालमीतला गडी. त्याला वाटायचं, सगळं काम ताकदीचं. हँडल धरून असा काही हिसडा द्यायचा, की मीही चिडून उलटा हिसडा द्यायचो. त्याचं मनगट आठ दिवस सुजून होतं. धाकटा बन्सी मला लांबूनच नमस्कार करायचा. सालगडी भिमाजी म्हणायचा, "अंगात आल्यालं हाय ह्याच्या."

हे सगळं विहिरीच्या काठावर उभी राहून एक बाई बघत होती. आप्पांची लेक, दोघा भावांच्या मधली मनकर्णा. तिच्या नवऱ्यानं मूल नाही म्हणून दुसरी बायको केली होती, आणि ही तेविसाव्या वर्षी एक पत्र्याची पेटी घेऊन माहेरी परत आली होती. चौथ्या दिवशी ती पुढं आली आणि म्हणाली, "दादा, सर बाजूला."

तिनं आधी पंपात पाणी भरलं. विहिरीतल्या नळाच्या तोंडाशी पाणी गळत होतं, तर त्या पाण्यात मूठभर शेण कालवून ओतलं, तशी गळती बसली. मग माझ्या डोक्यावरची दाब सोडणारी कळ उचलली, हँडल धरलं आणि सावकाश फिरवायला लागली. घाई नाही, हिसडा नाही. माझी चाकं जड. त्यांना वेग घ्यायला वेळ लागतो, एवढं साधं कुणाच्या लक्षात येत नव्हतं. चाकांनी वेग घेतला तशी तिनं कळ खाली टाकली. फट! फट फट फट! पाटात पाणी पडलं. मनकर्णा हसली. माहेरी आल्यापासून पहिल्यांदाच हसली, असं भिमाजी नंतर कुणाला तरी सांगत होता.

त्या दिवसापासून दहा-अकरा वर्षं मला तिनंच चालवलं. माझा आवाज बदलला की ती हातातली भाकरी टाकून यायची. डिझेल गाळून घालायची, पट्टा ढिला झाला की ताणायची, अंगावरची धूळ पदरानं पुसायची. मला ती आवडायची. आता इंजिनाला काय कळतं म्हणाल, तर म्हणा बापडे.

सत्तरच्या दिवाळीनंतर आप्पा थकले. पाय सुजले, धाप लागायला लागली. हुशार माणूस, त्यांनी ओळखलं. पाथर्डीहून कागदपत्रं लिहिणारा अर्जनवीस बोलावला, स्वतः गाडीत बसले, शेजारी त्याला बसवलं, रंगनाथला गाडी हाकायला सांगितली आणि सगळ्या रानातून फिरून ज्या त्या वस्तूकडं बोट दाखवत वाटणी सांगायला लागले. घरात बसून सांगितलं तर काहीतरी विसरेल, असं त्यांचं म्हणणं. विहिरीपाशी गाडी थांबली तेव्हा अर्जनवीसाची तीन पानं भरली होती. वरचं रान रंगनाथला, खालचं बन्सीला. घुंगरांची गाडी रंगनाथला, तांब्याचं घंगाळ बन्सीला. उकिरड्याचं खतसुद्धा निम्मं निम्मं. बांधावरच्या बाभळी मोजून दोघांना. देवळाला घंटा. भिमाजीला लोकरीचा कोट, "पर मी गेल्यावर हां, आत्ताच न्हाई."

घरात पलंग दोन होते. एक नवा, एक कुरकुरणारा. नवा त्यांनी बन्सीला दिला.

"थोरल्याला कुरकुरता?" अर्जनवीसानं विचारलं.

"थोरल्याला झोप गाढ लागती," आप्पा म्हणाले. "त्याला कुरकुर ऐकू येत न्हाई."

मग त्यांनी चिंचेकडं बोट केलं. "त्या चिंचंखालचं दोन एकर मनकर्णाला. आन् हे इंजन बी तिलाच."

रंगनाथनं वळून बघितलं. "इंजन तिला कशाला आप्पा?"

"तुला चालू करता येतं का?"

रंगनाथनं परत तोंड बैलांकडं वळवलं. पुढं लोक म्हणाले, आप्पासाहेब फार धोरणी, मुद्दाम लेकीच्या हातात इंजिन ठेवून गेले. मी तिथं होतो, म्हणून सांगतो. धोरण वगैरे काही नव्हतं. ज्याला वाजवता येतो त्याला ढोल द्यावा, तसं त्यांनी मला दिलं. बस्स.

शेवटी अर्जनवीसानं विचारलं, "विहिरीचं कसं लिहू?"

"विहीर दोघा ल्योकांची. निम्मी निम्मी. मनीचं भिजंल की त्यातच."

"कोणत्या वारी कुणाचं पाणी, ते लिहायचं का?"

"पान्याचे वार कुठं कागदावर असत्यात व्हय?" आप्पा हसले. "आमच्या आज्यापास्नं कुनी लिव्हलं न्हाई. त्ये घरात ठरतं."

अर्जनवीसानं 'विहीर दोघा मुलांची, निम्मी निम्मी' एवढं लिहिलं. लेकीबद्दलचं वाक्य बोलण्यातलं म्हणून सोडून दिलं. मी तेव्हा बंद होतो, म्हणून मला शब्दन् शब्द ऐकू आला. रंगनाथलाही आला. आप्पांसारख्या माणसानं उकिरडा लिहून ठेवला, बाभळी मोजून ठेवल्या, आणि पाणी तेवढं तोंडी ठेवलं! आमच्याकडं सगळेच तसं करायचे.

एकाहत्तरच्या पावसाळ्यात आप्पा गेले. पाऊसही त्या साली नावालाच पडला. तेराव्याला पंचांसमोर कागद वाचला. कुरकुरत्या पलंगावरून थोडी कुरबुर झाली, ती मिटली. भिमाजी कोट अंगात घालून रडला, बाह्या त्याच्या बोटांच्याही खाली येत होत्या. मग सगळे उठायला लागले, तेव्हा मनकर्णानं विचारलं, "दादा, माझा पान्याचा वार कोनता?"

हे मला भिमाजीकडून कळलं. तो म्हणाला, सगळी माणसं खाली बघायला लागली. रंगनाथ म्हणाला, "कागदात न्हाई."

"कागदात नसंल. पर दोन एकर दिलंय तर त्येला पानी नगं?"

"मने, लेकीला पान्यात वाटा दिल्यालं कुठं ऐकलंय का तू? रान दिलंय त्ये आसू दे. पानी एकदा भाईर गेलं की माघारी येत न्हाई. तुज्या मागं कोन हाय? उद्या तुज्या सासरचं कुनी येऊन हिरीवर उभं ऱ्हायलं तर?"

तिनं बन्सीकडं बघितलं, तर तो म्हणाला, "दादा म्हनंल तसं." त्याचं आयुष्य त्या एका वाक्यावर चाललं होतं. अर्जनवीसालाही विचारून झालं. तो म्हणाला, रोज दहा कागद लिहितो बाई, कोण काय बोललं ते कुठं लक्षात राहणार?

मनकर्णाही बापाचीच लेक. ती म्हणाली, "बरं. मग माझं इंजन मला द्या."

"ने की," रंगनाथ म्हणाला.

चार बोल्ट खोलले, लाकडी ओंडक्यांवरून मला सरकवत गाडीत घातलं आणि चिंचेखाली नेऊन ठेवलं. विहिरीवरून निघताना मला कसं वाटलं, ते विचारू नका. पाण्याजवळ राहणाऱ्याला पाण्यापासून तोडलं, दुसरं काय?

पुढचे चार-साडेचार महिने मी तिथं पडून होतो. माझ्या अंगावर गंज चढला. मला थंड ठेवणाऱ्या पाण्याचं माझं पिंप होतं, त्यात एका कोंबडीनं अंडी घातली. चिमण्या येऊन बसायच्या आणि जे करायचं ते करून जायच्या. पाच हॉर्सपॉवर म्हणे! मनकर्णा दिवसभर दुसऱ्यांच्या रानात कांदा लावायला जायची आणि संध्याकाळी येऊन माझ्याजवळ बसायची. दोन एकरात कुसळंसुद्धा धड उगवली नव्हती.

श्रीरामपूरचा एक भंगारवाला व्यापारी मला बघून गेला. त्यानं माझ्या चाकावर नखानं खरवडलं. मी असा संतापलो, पण करणार काय, पोटात डिझेल नव्हतं. ऊसतोडीचा मुकादमही आला. म्हणाला, "मनकर्णाबाई, कोयता धरता का? कारखान्यावर या. हितं काय ठिवलंय?"

ती म्हणाली, "येवढा उन्हाळा बघते. पानी मिळालं तर हितंच. न्हाई मिळालं तर इंजन इकते आन् येत्या दसऱ्याला तुमच्या टोळीत येते."

म्हणजे तिचंही ठरलं होतं आणि माझंही. पाणी मिळालं नाही, तर ती उसाच्या फडात जाणार आणि मी भट्टीत.

तिकडं विहिरीवर वेगळाच तमाशा चालला होता. भावांनी माळ्यावरची जुनी मोट काढली. तिचं चामडं उंदरांनी खाल्लेलं. नवी शिवून आणली, तर बैल उलटं चालायचं विसरलेले! दहा वर्षं मी त्यांना आराम दिला होता, ते आता कशाला मागं सरकतात? एका दिवसात चार वाफे भिजायचे आणि रंगनाथचा कांदा होता दीड एकर. पाती पिवळी पडत चालली. नव्या इंजिनाला नंबर लावला होता, पण नंबर काही लागत नव्हता. एकदा रंगनाथ चिंचेखाली आला, माझ्याकडं न बघता म्हणाला, "भाड्यानं देतीस का?"

"भाडं नगं. वार दे."

तो आला तसा परत गेला.

मग माघात एक दिवस सकाळी रंगनाथची बायको कडूबाई आली. डोक्यावर चुंबळ, हातात रिकामी घागर. पहाटेपासून ती डोक्यावरून पाणी वाहून कांद्याला घालत होती. कडूबाई म्हणजे तोंडाची तिखट बाई. सगळ्यांना वाटायचं, वार न देण्याचं खूळ हिनंच नवऱ्याच्या डोक्यात भरवलं असणार. मलाही तसंच वाटायचं. माणसांची पारख करण्यात मी तितकासा हुशार नाही.

"वन्सं," ती म्हणाली, "ह्ये चालू हुतंय का अजून?"

"का? दादानं धाडलं?"

"त्ये तिसगावला गेल्यात. नव्या इंजनाची चवकशी कराया. चार म्हैनं चवकशीच चाललीया." तिनं घागर खाली ठेवली. "तुमी वार मागताय त्ये सोडू नगा, येवढं सांगाय आले."

मनकर्णा तिच्याकडं बघतच राहिली.

"मला बी माहेरी रान हुतं," कडूबाई म्हणाली. "तीन भाऊ. बा गेल्यावर मला बोलावलं, जेवू घातलं, आन् तलाठ्याफुडं अंगठा लावून घेतला. का, तर भनीनं हक सोडायचा आस्तो. बदल्यात हिरवं लुगडं. मी बी हासत हासत नेसले. परवा त्याचं पोतेरं केलं, वन्सं. चूल सारवली त्येनं. सारवता सारवता मला रडूच आलं."

मग मनकर्णा म्हणाली, "मी न्हाई सोडनार. म्हनून तर इंजन आडवून धरलंय."

"आडवून धरा की. पर हितं चिंचंखाली पडल्याल्या इंजनाला कोन भितंय? कोंबडी बी भीत न्हाई. हिरीवर न्या, चालू करा, पानी काढा. पान्याची चव लागू द्या आन् मग आडवा!"

अहो, मी कारखान्यातून निघाल्यापासून इतकं शहाणपणाचं बोलणं ऐकलं नव्हतं.

भिमाजीला बोलावलं. तो लोकरीच्या कोटाच्या बाह्या दुमडून आला. बन्सी वाटेत भेटला, त्यालाही कडूबाईनं कामाला लावलं. तो म्हणाला, "पर दादा..." ती म्हणाली, "दादा बाजारात हाय. उचला." कोंबडीला अंड्यांसकट टोपल्यात घातलं. मला परत विहिरीच्या ओट्यावर बसवलं, चार बोल्ट आवळले. मनकर्णानं माझं सगळं अंग डिझेलनं धुतलं, गाळणी साफ केली, पंपात शेणकाला ओतला. मग हँडल धरलं.

मी चालू झालो नाही.

खोटं कशाला सांगू, मला लाज वाटली. इतके महिने ज्या हाताची वाट बघितली, तो हात आला आणि माझ्या छातीत नुसती घरघर! दुसऱ्यांदा फिरवलं, थोडा धूर आला. बन्सी म्हणाला, "गेलं ह्ये." मनकर्णानं कपाळावरचा घाम पुसला, माझ्या चाकावर हात ठेवला आणि म्हणाली, "घाई न्हाई. बसू जरा." बसली. पाणी प्यायली. तिसऱ्यांदा तिनं इतकं सावकाश सुरू केलं, की जणू मला उठवतेय. चाकांनी वेग घेतला. कळ पडली. फट! आणि काळ्या धुराचा असा लोट निघाला, की भिमाजी कोट सांभाळत पळाला. फट फट फट फट! पाट वाहायला लागला.

"पाट तुमच्या रानात फिरवा," कडूबाई ओरडली.

"न्हाई," मनकर्णा ओरडली. "आधी दादाच्या कांद्याला."

उन्हं डोक्यावर आली तेव्हा रंगनाथ बाजारातून परतला. माझा आवाज त्याला वेशीवरूनच ऐकू आला असणार. धोतराचा सोगा हातात धरून तरातरा आला तो थेट विहिरीवर. त्यानं मला बघितलं, बहिणीला बघितलं, आणि मग पाट कुठं चाललाय ते बघितलं. अर्धा एकर कांदा भिजून काळाभोर दिसत होता. चढलेला राग कुठं ठेवावा, ते त्याला कळेना.

मनकर्णानं माझ्या कळीवर हात ठेवला. "दादा, बोल. चालू ठिवू का बंद करू? ठिवायचं आसंल तर सोमवार माझा. दोघांच्या रानाला मीच पानी काढून दीन, पर सोमवारी माझ्या."

"कागदात न्हाई त्ये..."

"कागदात न्हाई," मधेच कडूबाई म्हणाली. तिचा आवाज माझ्यापेक्षा मोठा होता, हे कबूल करतो. "कागदाचं सोडा. मामंजी तोंडानं काय म्हनले, येवढंच सांगा. गाडी हाकाया तुमीच हुता."

रंगनाथ विहिरीच्या कठड्यावर बसला. त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग तो काहीतरी बोलला. ओठ हलले तेवढे दिसले, पण माझ्या धडधडीत कुणालाच काही ऐकू आलं नाही.

मनकर्णानं मला बंद केलं.

एकदम शांत झालं. पाटातलं उरलेलं पाणी जाताना आवाज करत होतं तेवढाच. भिमाजी वाफ्यात पाणी वळवायचं सोडून उभा राहिला. बन्सी जवळ आला.

"काय म्हनलास दादा? परत म्हन."

आता लपायला जागा नव्हती. मोठ्या आवाजाच्या आडोशानं माणूस काय काय बोलून मोकळा होतो, पण गप्प विहिरीवर बोलायचं म्हणजे छाती लागते. रंगनाथनं मान वर केली.

"आप्पा म्हनले हुते," तो म्हणाला. "मनीचं भिजंल की त्यातच. म्हनले हुते. मी ऐकलं हुतं." आणि एवढा मोठा तालमीतला गडी पागोट्यात तोंड घालून रडायला लागला. "मला वाटलं, कुनाला ठावं न्हाई. पर मला ठावं हुतं ना गं. रातच्याला मला झोप लागंना. आन् त्यो पलंग कुरकुर कुरकुर करतोय!"

बन्सीला हसू आलं, ते त्यानं खोकून झाकलं. मनकर्णा मात्र हसली नाही. तिनं जाऊन भावाच्या शेजारी बसून घेतलं. कडूबाई डोळे पुसून म्हणाली, "झालं न्हवं? मग चालू करा की त्ये. अर्धा कांदा कोरडा हाय अजून."

दुसऱ्याच दिवशी पाथर्डीला जाऊन कागद झाला. सोमवार मनकर्णाचा. भावांचे तीन-तीन दिवस. कागद करताना रंगनाथनं अर्जनवीसाला तिथला तिथं पूर्ण वाचून दाखवायला लावलं, एक शब्द सोडू दिला नाही.

पहिल्या सोमवारी मनकर्णा एकटीच आली. तुम्हाला सांगतो, एकट्या माणसाला हे काम होत नाही. एकानं मला सांभाळायचं आणि दुसऱ्यानं रानात दारं धरायची, म्हणजे एक वाफा भरला की पाणी दुसऱ्यात वळवायचं. तिनं मला चालू केलं आणि फावडं घेऊन धावत निघाली, तर चिंचेखाली रंगनाथ आधीच उभा. धोतर वर खोचलेलं, हातात फावडं.

"तू इंजनाकडं बघ," तो म्हणाला. "दारं मी धरतो."

तिनं विरोध केला नाही. मी त्या दिवशी एकदाही अडखळलो नाही.

पुढं बहात्तरचा दुष्काळ कसा गेला, ते या मुलखातल्या माणसांना सांगायला नको. विहिरीचं पाणी खाली खाली गेलं, तसं मलाही दोर लावून खालच्या ओट्यावर उतरवावं लागलं. दिवसाला अर्धा तास पाणी मिळायचं. तेवढ्या पाण्यात कुणाचं काय पिकणार? तरीही सोमवारचा अर्धा तास मनकर्णाचाच राहिला. त्या पाण्यावर तिनं चार वाफे मेथी जगवली आणि ती तिन्ही घरांच्या ताटात गेली. ऊसतोडीचा मुकादम दसऱ्याला आला, तेव्हा तिनं त्याला भाकरीबरोबर मेथी वाढली आणि "यंदा न्हाई, कदीच न्हाई" म्हणून वाटेला लावलं. त्र्याहत्तरला देव पावला, विहीर काठोकाठ भरली. मला परत वर घेतलं. चिंचेखालच्या दोन एकरात तिनं गहू केला. पहिली ओंबी खुडून तिनं माझ्या हँडलला बांधली, आणि मी ती पहिल्याच धडधडीत उडवून टाकली. मला तसलं काही जमत नाही.

आता चौऱ्याहत्तर साल चाललंय. विजेचे खांब वेशीपर्यंत आलेत. खटका दाबला की पाणी, अशी मोटार येणार म्हणतात. ना हँडल, ना धूर, ना आवाज. येऊ दे. मी काही रुसणार नाही. माझ्याही आधी इथं मोट होतीच की.

पण परवा एक गोष्ट घडली, ती सांगतो आणि मग तुम्हाला मोकळं करतो. मनकर्णानं स्वतःचा कागद केला. वय काही झालेलं नाही तिचं, पण म्हणाली, मागं घोळ नको. विहिरीवरच सगळ्यांना बोलावलं आणि बन्सीला वाचायला लावलं. दोन एकर रान दोघा भावांच्या मुलींना सारखं. इंजिन, म्हणजे मी, ज्याला चालवता येईल त्याला. आणि "विहिरीतला सोमवारचा वार माझ्या पश्चात कडूबाई रंगनाथ यांच्या स्वतःच्या नावे."

कडूबाईला आधी कळलंच नाही. "परत वाच," ती म्हणाली. बन्सीनं परत वाचलं. "नाव तेवढं परत वाच." त्यानं नाव परत वाचलं.

रंगनाथ समाधानानं म्हणाला, "म्हंजी घरातलं घरातच ऱ्हायलं."

"घरातलं न्हाई," कडूबाई म्हणाली. तिनं बन्सीच्या हातातून कागद घेतला, वाचता येत नव्हतं तरी त्यावर बोट फिरवत राहिली. "माझं."

रंगनाथ काहीतरी बोलणार होता. मग त्यानं बायकोच्या तोंडाकडं बघितलं आणि मान हलवली. "व्हय," तो म्हणाला. "तुझं."

मंडळी, इंजिन कुणाला उपदेश करत नाही. पण तुम्हीही कधीतरी कागद करायला बसाल. तेव्हा घंगाळ आणि पलंग सावकाश लिहा, पाणी आधी लिहा. आणि लेकीसुनांबद्दल मनात जे असेल ते तोंडी ठेवू नका.

आज सोमवार आहे. ती बघा, मनकर्णा येतेय, मागून कडूबाई हँडल घेऊन येतेय. गेल्या महिन्यापासून तिचं शिकणं चाललंय, अजून हिसडा देते. आता सरका बरं मागं. सुरुवातीचा धूर फार काळा असतो.